चालत गेलेलं घर

एक्झिटर शहरातली स्टेपकोट हिल ही उतरण आमच्या घाटांची आठवण करून देते. दोन्ही कडांना झिजलेल्या दगडी पायऱ्या, मधोमध पावसाचं पाणी वाहून जायला पन्हळ, आणि खाली नदीच्या दिशेनं एकदम निसरडा होत जाणारा उतार. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यातलं हे शहर. माझी भाची तिथं पीएच.डी.साठी राहते. संपादकांचं पत्र आलं, यंदाच्या अंकाचा विषय 'घर बदलताना', तेव्हा मी तिच्याकडे जायच्या तयारीत होते. फोनवर तिला विषय सांगितला, तर ती म्हणाली, "मावशी, मग तुला आमच्याकडचं एक घर बघायलाच हवं. माणसांनी घर बदललेलं तू पुष्कळ पाहिलं असशील. इथं घरानंच जागा बदललीय."

उतरणीच्या तळाशी डाव्या-उजव्या हाताला जुनी लाकडी घरं आहेत. सेंट मेरी स्टेप्स नावाचं लालसर दगडाचं चर्च आहे. आणि त्याच्या समोरच, एखाद्या उंच, अरुंद पेटाऱ्यासारखं ते घर उभं आहे. तीन मजली. खालचा मजला सगळ्यात लहान, मधला त्याच्या पुढे आलेला, वरचा त्याच्याही पुढे. काळपट लाकडाच्या उभ्या-आडव्या चौकटी आणि मधल्या जागा फिकट गिलाव्यानं भरलेल्या. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं हे बांधकाम. त्या काळी आपल्याकडे दख्खनवर बहमनी सुलतानांचा अंमल होता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला आणखी दोनशे वर्षं होती. गावातले लोक त्याला 'हाउस दॅट मूव्ह्ड' म्हणतात. हललेलं घर. मला 'चालत गेलेलं' म्हणावंसं वाटतं, कारण ते गेलं ते एकेक इंचानं, जपून, चढ चढत.

पुण्याच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात माझं बालपण गेलं. त्यामुळे त्या घरासमोर उभी राहिल्यावर मी काय पाहिलं असेल, तर आधी त्याचे खांब.

खण, खांब आणि कूड

लाकडी सांगाड्याच्या घराची एक गोष्ट पहिल्यांदा समजून घ्यायला हवी: त्याच्या भिंती घर पेलत नाहीत. पेलतो तो सांगाडा. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. भिंत म्हणजे नुसता मधल्या जागेतला पडदा. वाड्यात हा पडदा विटांचा आणि मातीचा असायचा, इंग्लंडमधल्या जुन्या घरांत तो कुडाचा असे. चौकटीत उभ्या काठ्या रोवायच्या, त्यांत लवचीक फांद्या टोपलीसारख्या विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, चिरलेला पेंढा, शेण कालवून लिंपायचं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. कारवीच्या कुडाच्या घरात वाढलेली माझी सासू हे वर्णन ऐकून म्हणाली असती, "मग ह्यात विलायती काय आहे?"

मोजण्याची रीतसुद्धा सारखीच. आपण 'पाच खणी घर' म्हणतो, खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. तिथंही जुनं घर असंच खणांत मोजतात. लाकडाच्या लांबीनं आणि ताकदीनं ठरलेलं माप माणसाच्या बोलीत उतरतं, मग ते सागवान असो की ओक.

ओकच्या कामाची एक खुबी मला फार आवडते. सुतार लाकूड ताजं, ओलं असतानाच घडवत. वाळलेला ओक लोखंडासारखा कठीण होतो, त्याच्यावर करवत-पटाशी चालवणं जिवावर येतं. ओल्या लाकडाला कूस काढायची, समोरच्या लाकडात तिच्या मापाची खाच पाडायची, दोन्ही जुळवून आरपार छिद्र पाडून त्यात लाकडी खुंटी ठोकायची. पण कुशीतलं छिद्र आणि खाचेतलं छिद्र अगदी समोरासमोर येऊ द्यायचं नाही. केसभर मागे-पुढे ठेवायचं. मग खुंटी आत जाताना सांधा स्वतःच ओढून घट्ट बसवते. पुढं वर्षानुवर्षं लाकूड सुकतं, थोडं वाकतं, पिळतं, आणि तसतसं ते खुंटीला आणखी आवळून धरतं. एक खिळा नाही. ही घरं कललेली, पोक आलेली दिसतात ती याच सुकण्यामुळे. पाहणाऱ्याला वाटतं आता पडणार. सांध्यांना मात्र तशी काही घाई नसते.

पुढे आलेल्या मजल्यांचं गणितही तितकंच शहाणं आहे. वरच्या मजल्याच्या कड्या खालच्या भिंतीबाहेर हात-दीड हात काढायच्या आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी करायची. टोकावरच्या त्या वजनामुळे कड्यांचा मधला भाग दबत नाही, जमीन लवत नाही. शिवाय अरुंद जागेत वर चार पावलं जास्त मिळतात आणि पावसाची धार खालच्या भिंतीपासून लांब पडते. हे घर कोपऱ्यावरचं, म्हणून त्याचे मजले दोन बाजूंना पुढे आलेत. आता कड्या तर एकाच दिशेनं जाऊ शकतात. मग दुसऱ्या बाजूचं काय? त्यासाठी आतून कोपऱ्याकडे एक जाड तुळई तिरपी घालतात, तिला तिकडे 'ड्रॅगन बीम' म्हणतात. दोन्ही दिशांच्या कड्या तिला येऊन मिळतात. तिचं सगळं ओझं कोपऱ्यातल्या एका खांबावर येतं. असा कोपऱ्याचा खांब बहुतेकदा झाड उलटं करून घडवत, बुंधा वर आणि शेंडा खाली, म्हणजे मुळाकडचा रुंद भाग वरच्या बाजूला तुळईला पुरा टेका देतो.

भाची रस्त्यापलीकडे उभी राहून फोटो काढत होती. मी त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला. उभे तडे इतके खोल, की त्यात करंगळी जावी. बाकी लाकूड गुळगुळीत, थंड.

बेडूक गल्लीच्या कोपऱ्यावर

या घराची मूळ जागा आताच्या जागेपासून शंभर मीटरच्या आत, खालच्या अंगाला होती. एडमंड स्ट्रीट आणि फ्रॉग स्ट्रीट यांच्या नाक्यावर, एडमंड स्ट्रीटवरचं १६ नंबर. फ्रॉग स्ट्रीट म्हणजे बेडूक गल्ली. नदीकाठच्या दलदलीचा वास त्या नावाला आहे. जागा शहराच्या तटाबाहेरची. पश्चिम वेशीतून बाहेर पडलं की एक्झ नदीवरच्या पुलाकडे जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावर हे घर. पुलावरून शहरात येणारा प्रत्येक मालवाहू घोडा, प्रत्येक गाडी त्याच्या अंगावरून जायची.

आणि माल होता लोकरीचा. नदीतून काढलेले पाट, पाटांवर कापड कांडायच्या चक्क्या, रंगारी, आणि धुतलेलं कापड ताणून वाळवायला मोकळ्या जागेत उभ्या केलेल्या लांबच लांब लाकडी चौकटी. डेव्हनचं कापड या शहरातून दूरदूर जाई. विणकर, कापड कांडणारे आणि कातरणारे यांच्या संघाचं १४७१ सालचं सभागृह, टकर्स हॉल, वरच्या फोर स्ट्रीटवर आजही उभं आहे. 'टकर' म्हणजे त्या भागातल्या बोलीत कापड कांडणारा.

खाली दुकान, वर राहणं. आपल्या पेठांतल्या रस्त्यालगतच्या दुकानाच्या वाड्यांसारखंच. रस्त्यावरची जागा महाग, म्हणून रुंदी कमी आणि उंची जास्त. कोणी बडा सरदार या घरात राहत नव्हता, कोणत्याही लढाईचा निर्णय इथं झाला नाही. साध्या व्यापारी किंवा कारागीर कुटुंबाचं घर पाचशे वर्षं टिकावं, हीच मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. राजवाडे टिकवायला माणसं असतात. असल्या घरांचं टिकणं म्हणजे पिढ्यान् पिढ्या कुणीतरी छपराची गळती वेळच्या वेळी काढली, कुजलेली कडी बदलली, कूड पुन्हा लिंपला.

एकच साल, दोन नद्या

४ मे १९४२ च्या पहाटे जर्मन विमानांनी एक्झिटरवर बाँब टाकले. दीडशेहून अधिक माणसं मेली, शहराच्या मध्यवस्तीतल्या हाय स्ट्रीटचा मोठा भाग जळून खाक झाला. लष्करी महत्त्वापेक्षा ऐतिहासिक सौंदर्यासाठी निवडलेल्या शहरांवरचे ते हल्ले होते. जुन्या एक्झिटरचा फार मोठा भाग त्या एका रात्रीत गेला. त्यानंतर उरलंसुरलं घालवलं ते शांततेच्या काळातल्या रस्त्यांनी.

ऑक्टोबर १९६० मध्ये एक्झ नदीचा पूर शहराच्या सखल वस्तीत शिरला, डिसेंबरात पुन्हा शिरला. पूरनियंत्रणाची कामं, नवे पूल आणि मोटारींसाठी शहराला वळसा घालणारा रुंद रस्ता, असे सगळे बेत त्या काळात एकत्र आले. रस्त्याच्या आखणीत एडमंड स्ट्रीट आला, बेडूक गल्ली आली आणि १६ नंबरही आलं. इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींची सरकारी यादी तेव्हाही होती. पण यादीतली इमारत पाडायला किंवा बदलायला खास परवानगी घ्यावी लागेल, हा कायदा आला १९६८ साली. १९६१ मध्ये यादीतलं नाव म्हणजे फारतर एक विनंती. पाडायच्या आधी जाणकारांनी घर नीट तपासलं, गिलाव्यामागचा सांगाडा किती जुना आहे हे पुढं आलं, आणि ते वाचवण्यासाठी आवाज उठला.

घर हलवल्याचं साल, १९६१, हा आकडा त्या घरासमोर वाचला आणि मी जागच्या जागी थांबले. पुण्याच्या माणसाला हे साल सांगितलं की तो पुढची तारीख आपसूक म्हणतो: १२ जुलै. पानशेत धरण सकाळी फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांतून घुसलं. मी तेव्हा तीन वर्षांची. मला आठवतं ते सगळं आईचंच आहे. आमच्या वाड्याची मागची भिंत पाण्यात विरघळून साखरेसारखी खाली बसली, असं ती सांगायची. "आणि माडी?" मी दर वेळी विचारायची. "माडी अधांतरी. खांबांवर तशीच. खाली भिंत नाही, वर देवघरात समई तिच्या जागी." ते दृश्य लहानपणी मला चमत्कार वाटायचं. तो चमत्कार कूस आणि खाचेचा होता, हे कळायला एक्झिटरला यावं लागलं. पाण्यानं पडदा नेला. घर तसंच उभं होतं.

एकवीस टन, चाकांवर

घर उचलून न्यायचं म्हणजे काय करायचं? एक मार्ग असतो सांधे सोडवून नेण्याचा. प्रत्येक लाकडावर खूण घालायची, खुंट्या काढायच्या, सांगाडा उलगडायचा आणि दुसरीकडे पुन्हा जुळवायचा. इंग्लंडच्या दक्षिणेला सिंगलटन गावी अशा आणून जुळवलेल्या घरांचं एक मोठं संग्रहालय आहे. त्यातलं बेलीफ नावाचं शेतकऱ्याचं घर केंट परगण्यातल्या एका जलाशयाखाली जाणार होतं, म्हणून सोडवून तिथं नेलं. आपल्याकडे चेन्नईजवळ मुट्टुकाडूच्या 'दक्षिणचित्र'मध्येही दक्षिणेतली पाडली जाणारी घरं अशीच आणून उभी केलीत.

एक्झिटरमध्ये घर उलगडलं नाही. अख्खं उचललं. डिसेंबर १९६१. आधी आतून-बाहेरून लाकडांचे धिरे आणि पट्टे बांधून सगळा सांगाडा आवळला, दारं-खिडक्यांच्या मोकळ्या जागांना टेकू दिले, म्हणजे हादऱ्यानं चौकट तिरकी व्हायला नको. मग तळाशी आधार सरकवले, जॅक लावून घर जमिनीपासून सुटं केलं आणि लोखंडी चाकांवर बसवलं. चाकांखाली रूळ. वजन भरलं सुमारे एकवीस टन, म्हणजे मालानं भरलेल्या एका मोठ्या ट्रकाइतकं. तेवढंच दगड-विटांचं घर असतं तर वजन कितीतरी पटींनी वाढलं असतं आणि भिंतींना जागोजागी चिरा गेल्या असत्या. दगडी भिंतीला दाबलं जाणं सोसतं, वाकणं सोसत नाही. लाकडाच्या सांध्याला थोडं वाकणं जन्मापासून ठाऊक असतं.

वाट चढाची होती. पुढची बाजू उंच जाणार, मागची खाली राहणार, आणि घर तर सरळ उभं राहायला हवं. रूळ बसवत, जॅकनं पातळी सांभाळत, थोडं ओढायचं, थांबायचं, पाहायचं, पुन्हा ओढायचं. त्यात काही दिवस गेले. लोक रस्त्याच्या कडेला थंडीत उभे राहून बघत होते. त्या दिवसांची छायाचित्रं पाहताना डोळा जातो तो छपराकडे. भोवती सगळी मोकळी, उद्ध्वस्त जागा, आणि मधोमध हे घर, देवीची पालखी निघावी तसं बांधलेलं, जरासं पुढे झुकलेलं.

हे जमलं त्यात त्या इंजिनिअरांचं कौतुक आहेच. पण मला राहून राहून वाटतं, त्यांचं अर्धं काम पंधराव्या शतकातल्या सुतारांनी करून ठेवलं होतं. खांब थेट जमिनीत गाडायची पद्धत त्याच्याही आधीची, आणि असे खांब ओलीनं बुडाशी कुजत. ते टाळायला पुढं दगडी जोत्यावर आडवी तुळई टाकून तिच्यावर खांब उभे करायला लागले. आपल्याकडे वाड्याचा खांब जसा तळखड्यावर नुसता टेकलेला असतो तसं. घर जमिनीवर बसलेलं असतं, जमिनीत रुजलेलं नसतं. शिवाय त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा घरांचा सांगाडा जागेवर घडवतच नसत. सुताराच्या आवारात तो आधी आडवा जुळवून बघत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या रेघा ओढत, मग सोडवून गाडीवरून जागेवर नेत आणि आकड्याला आकडा लावून उभा करत. म्हणजे अशी घरं जन्मतःच एकदा प्रवास केलेली असतात.

या रेघा मी आधीही पाहिल्या आहेत. पाहिल्या तेव्हा मला त्या वाचता आल्या नव्हत्या. आमचा वाडा १९९६ साली उतरवला. मी मुद्दाम 'उतरवला' म्हणते, कारण तो पाडला नाही. जुन्या सागवानाला भाव होता. दोन माणसं लाकडी हातोड्यानं सांध्याखाली ठोके देत होती आणि दीडशे वर्षांचा वाडा एकेक तुळई करत मोकळा होत होता. ना खिळे, ना ओरखडा. एका तुळईच्या कुशीवर मला तीन रेघा आणि एक तिरकी रेघ दिसली. मी विचारलं, हे काय? त्यातला म्हातारा सुतार म्हणाला, "बाई, हा पत्ता आहे. ह्या लाकडाला कुठं जायचंय तो." मग त्यानं ती तुळई टेम्पोत चढवली.

जे हललं नाही

भाचीनं मला मग रस्ता ओलांडून खाली नेलं. तिथं दोन वाहत्या रस्त्यांच्या मधल्या हिरवळीवर एक दगडी पूल आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या सुरुवातीला बांधलेला, एकापुढे एक कमानी. खाली पाणी नाही, गवत आहे. शतकानुशतकं भर घालत लोकांनी पात्र अरुंद केलं आणि नदी पलीकडे सरकली. पुलाच्या कमानी पुढं घरांखाली आणि रस्त्याखाली दडल्या. एडमंड स्ट्रीट त्याच पुलावरून जात होता. एडमंड स्ट्रीट उखडला गेला तेव्हा त्या पुन्हा उजेडात आल्या. पुलावरच असलेल्या सेंट एडमंड चर्चचा पडका मनोराही तिथं उभा आहे, ज्याच्या नावानं तो रस्ता ओळखला जायचा.

घर हललं आणि पूल जागेवर राहिला. पण आज पुलाजवळ उभं राहून घराकडे बघितलं की मधे चार पदरी वाहतूक आहे. शेजारची घरं गेली, नाका गेला, बेडूक गल्ली नकाशातूनच गेली. ज्या रहदारीकडे तोंड करून ते घर उभं होतं, ती रहदारी आता त्याच्या पाठीमागून, वेगानं जाते. म्हणून काही जाणकार म्हणतात की जागेवरून हलवलेलं घर अर्धंच उरतं. मला ते पटतं, आणि तरीही मी हलवणाऱ्यांच्या बाजूनं आहे. नाका पुन्हा आणता येणार नाही. पण सांधा टिकला तर तो कसा केला हे पुढच्या सुताराला हात लावून बघता येतं. आमच्या वाड्याचं सागवान आज कुणाच्या तरी बैठकीत टीपॉय होऊन पडलं असेल. त्यावरच्या रेघांचा पत्ता आता कुठंच पोचत नाही.

पुण्याला परत आल्यावर मी कसब्यातून, शनिवारातून मुद्दाम चालत फिरले. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, कुठं छप्पर बसतं, कुठं भिंत. यात फक्त उदासीनता आहे असं मी म्हणणार नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मालकाला गळती काढायलाही परवडेना. भाडेकरूला घर आपलं नाही म्हणून हात लावावासा वाटेना. मधल्या मधे कूड आणि कडी कुजत राहिली. लाकडी घराला थांबणं मानवत नाही. त्याला दरवर्षी कुणीतरी हात लावणारं लागतं, आणि हात लावणारा माणूस कूस कशी काढतात हे जाणणारा लागतो. सिमेंटनं भरलेली खाच लाकडाची ओल कोंडते आणि खांब आतून पोखरतो. अशी 'दुरुस्त' झालेली माडी मी स्वतः डोळ्यांदेखत खचलेली पाहिली आहे. वाड्याची दुरुस्ती शिकलेले तरुण आर्किटेक्ट आता आहेत, चुन्याचं काम पुन्हा शिकणारे गवंडी आहेत. सुतार मात्र कमी आहेत. ज्या म्हाताऱ्यानं मला पत्ता वाचून दाखवला, त्याचा मुलगा प्लायवुडची कपाटं करतो, आणि चांगली करतो.

एक्झिटरहून निघायच्या दिवशी संध्याकाळी मी आणि भाची पुन्हा त्या घराकडे गेलो होतो. समोरच्या सेंट मेरी स्टेप्स चर्चच्या मनोऱ्यावर सतराव्या शतकातलं घड्याळ आहे, त्यात मधोमध बसलेली लाकडी मूर्ती आणि दोन बाजूंना हातोडे घेतलेल्या दोन. मधला मॅथ्यू नावाचा गिरणीवाला, असं गावात सांगतात. तो रोज इतक्या ठरलेल्या वेळी या रस्त्यानं ये-जा करायचा की लोक त्याच्यावरून वेळ जुळवायचे. तास पडला की तो मान हलवतो. सहा वाजले. मॅथ्यूनं सहा वेळा मान हलवली. बस पकडायला आम्हाला पलीकडे जायचं होतं. रस्त्याच्या कडेला, जिथं कुठंतरी १६ नंबर होतं तिथं, सिग्नल हिरवा होईपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो.